‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’

लिनक्स कर्नलचा सोर्स कोड सगळ्यांसाठी एकच असतो; त्यातून तयार होणारे कर्नल मात्र एकमेकांसारखे नसतात. वायफाय राउटरच्या इवल्याशा चिपवरचा वेगळा, अँड्रॉइड फोनमधला वेगळा, आणि ‘टॉप 500’ यादीतल्या महासंगणकांवरचा आणखी वेगळा. (नोव्हेंबर 2017 पासून त्या यादीतल्या प्रत्येक यंत्रावर लिनक्सच आहे.) हा फरक पडतो बिल्डच्या वेळी. कुठलं हार्डवेअर ओळखायचं, कुठल्या फाइल सिस्टीम घ्यायच्या, सुरक्षेची कुठली कवचं बसवायची, असे हजारो पर्याय बिल्ड करणाऱ्यापुढे असतात आणि त्याने काय निवडलं हे ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरतं. उबुंटू किंवा फेडोरासारख्या वितरणाची ही फाइल उघडली, तर तिच्यात दहा हजारांच्या आसपास ओळी सापडतात.

एवढ्या ओळी डोळ्यांनी कोण वाचणार? म्हणून त्या फाइलला प्रश्न विचारणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या जातात. कंटेनर चालवायचे आहेत, तर या कर्नलमध्ये नेमस्पेस आणि सी-ग्रुप आहेत का? सुरक्षा-तपासणी करायची आहे, तर मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीविरुद्धची तटबंदी बिल्डमध्ये घेतली आहे का? नवीन ड्रायव्हर बसवायचा आहे, तर मॉड्यूल लोड करण्याची सोय ठेवली आहे का? प्रश्न सोपे वाटतात. स्क्रिप्टही बहुधा वीस-तीस ओळींची असते आणि नेमक्या याच कारणाने ती रिव्ह्यूमधून न वाचताच पुढे सरकते. सातशे ओळींच्या बदलाला तीन जण वाचतात. वीस ओळींच्या स्क्रिप्टखाली ‘ठीक दिसतंय’ असा शेरा पडतो.

माझ्या मते या जातीच्या स्क्रिप्टमध्ये एकच दोष पुन्हा पुन्हा भेटतो. ‘पर्याय बंद आहे’ आणि ‘पर्यायाबद्दल मला काही कळलं नाही’ ही दोन वेगळी उत्तरं स्क्रिप्ट एकाच शब्दात देऊन टाकते. या प्रकरणातल्या बहुतेक खाचखळग्यांच्या तळाशी हाच गोंधळ आहे. (आज्ञा आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, करून पाहताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

आधी फाइलचं व्याकरण पाहू. चालू असलेला पर्याय ‘कॉन्फिग_अमुक=वाय’ असा लिहिला जातो. तो कर्नलच्या मुख्य गाभ्यात न घालता गरजेनुसार लोड होणारं मॉड्यूल म्हणून ठेवला असेल, तर ‘वाय’च्या जागी ‘एम’ येतो. काही पर्यायांना आकडा किंवा अवतरणचिन्हांतला मजकूर ही किंमत असते. बंद पर्यायाची तऱ्हा मात्र निराळी आहे. त्याच्यासाठी ‘=एन’ अशी ओळ सहसा दिसत नाही. दिसते ती ‘हॅश, कॉन्फिग_अमुक इज नॉट सेट’ ही ओळ. बहुतेक फाइलींत हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे शेरा, संगणकाने सोडून द्यायची टिप्पणी. इथे मात्र कर्नलची बिल्ड व्यवस्था ही टिप्पणी वाचते आणि तिला अर्थ देते: हा प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर ‘नाही’ आलं. ती ओळ पुसून ‘मेक ओल्डकॉन्फिग’ चालवलं, तर तोच प्रश्न नवा म्हणून पुन्हा समोर येतो.

आणि ओळच नसेल तर? तर तो प्रश्न या बिल्डमध्ये उपस्थितच झाला नाही. एखाद्या पर्यायाला आधी दुसरा चालू असणं आवश्यक असतं आणि तो दुसरा बंद असतो. किंवा त्या नावाचा पर्याय कर्नलच्या या आवृत्तीत अस्तित्वातच नसतो. म्हणजे स्क्रिप्ट ज्या दोन उत्तरांची गल्लत करते, त्यांतला फरक फाइलने स्वतः जपून ठेवलेला आहे.

या व्यवस्थेला केकॉन्फिग म्हणतात. रोमन झिप्पेल यांनी ती लिहिली आणि 2002 मध्ये 2.5.45 या विकास-आवृत्तीत ती कर्नलमध्ये आली. त्याआधी एरिक रेमंड यांनी सीएमएल2 नावाची नवी व्यवस्था पुढे आणली होती. तिच्यावर पुष्कळ वाद झाले आणि ती काही कर्नलमध्ये शिरली नाही. जुन्या फाइलीचा चेहरामोहरा कायम राखणारी झिप्पेल यांची वाट टिकली. त्या विचित्र टिप्पणीची परंपराही त्यामुळेच आजपर्यंत चालत आली आहे.

आता प्रश्न विचारण्याकडे वळू. सर्वांत भाबडी स्क्रिप्ट ‘ग्रेप’ या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला नुसतं ‘कॉन्फिग_एचझेड’ शोधायला सांगते. कर्नलचं घड्याळ सेकंदाला किती ठोके देतं, ते या पर्यायात असतं. उत्तरादाखल ‘कॉन्फिग_एचझेड=250’ ही ओळ येते, पण तिच्याबरोबर ‘एचझेड_100 इज नॉट सेट’, ‘एचझेड_250=वाय’, ‘एचझेड_पीरियॉडिक इज नॉट सेट’ अशी सगळी भावंडंही येतात. काही सापडलं एवढ्यावरच स्क्रिप्ट समाधान मानत असेल, तर ‘इज नॉट सेट’ हीच ओळ वाचून ती ‘पर्याय चालू आहे’ असं सांगून मोकळी होते. म्हणून शोध ओळीच्या सुरुवातीला बांधलेला हवा आणि नावानंतर बरोबरचं चिन्ह हवं. एवढं बहुतेक रिव्ह्यूअर पकडतात. खरी गंमत त्यापुढे आहे.

कर्नलच्या सोर्समध्येच ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरात ‘कॉन्फिग’ नावाची एक छोटी बॅश स्क्रिप्ट आहे. अँडी क्लीन यांनी लिहिलेली. ती पर्याय चालू-बंद करते, आणि ‘स्टेट’ असं सांगितलं तर एखाद्या पर्यायाची स्थिती छापते. मला ही स्क्रिप्ट आवडते, कारण तिला तिसरं उत्तर माहीत आहे. ‘इज नॉट सेट’ची ओळ सापडली तर ती ‘एन’ छापते. किमतीची ओळ सापडली तर ती किंमत. आणि दोन्ही नसतील तर ‘अन्डेफ’. फाइलच्या व्याकरणाशी पूर्ण इमान राखणारं हे उत्तर आहे. बिल्डचे नियम पाळले गेले आहेत की नाहीत हे ती तपासत नाही, ते काम पुढच्या ‘मेक’च्या वेळी होतं, आणि हे तिच्या मदत-मजकुरात स्पष्ट लिहिलेलं आहे.

पण तिलाच अस्तित्वात नसलेल्या फाइलचं नाव देऊन बघा. ग्रेप तक्रार करतो, ‘अशी फाइल नाही’ हा एरर पडद्यावर उमटतो, आणि त्यानंतर स्क्रिप्ट शांतपणे छापते: ‘अन्डेफ’. तुम्ही पडद्यासमोर बसला असाल तर तक्रार वाचाल. पण हीच आज्ञा दुसऱ्या स्क्रिप्टच्या पोटात असेल आणि तिचं फक्त उत्तर व्हेरिएबलमध्ये घेतलं जात असेल, तर ‘फाइल सापडली नाही’ आणि ‘या कर्नलमध्ये हा प्रश्न आलाच नाही’ यांत काडीचा फरक उरत नाही.

याचं मूळ ग्रेपच्या परतीच्या आकड्यात आहे. काम संपलं की प्रत्येक आज्ञा एक आकडा मागे ठेवते. ग्रेपचा 0 म्हणजे सापडलं, 1 म्हणजे सापडलं नाही, 2 म्हणजे शोधताच आलं नाही. तीन उत्तरं, तीन आकडे. ग्रेप बिचारा सरळ आहे. शेलचं ‘इफ’ मात्र दोनच रस्ते ओळखतं: शून्य आणि शून्य नसलेलं सगळं. ‘इफ ग्रेप’ असं लिहिलं की 1 आणि 2 एकाच रस्त्याने जातात. वरच्या स्क्रिप्टमध्येही तपासणी ‘शून्य आहे का’ एवढीच आहे. शेलचेक हे शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन अवतरणचिन्हं विसरल्याचं लगेच सांगतं, पण इथे ते बोट ठेवत नाही. कारण भाषेच्या दृष्टीने इथे चूक नाहीच. हे माणसालाच पकडावं लागतं.

कर्नलच्या त्याच ‘कॉन्फिग’ स्क्रिप्टमध्ये आणखी एक चकवा आहे. दिलेलं नाव ती आपणहून कॅपिटल अक्षरांत बदलून घेते. कर्नलमधली बहुतेक नावं कॅपिटलच असतात, त्यामुळे ही सोयच आहे. पण पॉवरपीसीच्या ‘पीपीसी_8एक्सएक्स’ या पर्यायातले शेवटचे दोन ‘एक्स’ स्मॉल आहेत. ‘कीप-केस’ न सांगता विचारलंत, तर नाव बदलतं, जुळत नाही आणि पुन्हा तेच ‘अन्डेफ’ मिळतं.

आता फाइल कॉम्प्रेस केलेली असेल तर काय होतं ते पाहू. चालू कर्नलची कॉन्फिग फाइल अनेकदा ‘प्रॉक’ फोल्डरात ‘कॉन्फिग डॉट जीझेड’ या नावाने मिळते. त्यासाठी बिल्डच्या वेळी ‘आयकेकॉन्फिग’ आणि ‘आयकेकॉन्फिग_प्रॉक’ हे पर्याय घेतलेले असावे लागतात. ती वाचायला लोक ‘झेडकॅट’ने फाइल उलगडतात आणि पाइपमधून ग्रेपकडे देतात. पाइपचा परतीचा आकडा म्हणजे शेवटच्या आज्ञेचा आकडा. फाइल अर्धवट असेल, कॉम्प्रेस केलेलीच नसेल, तर झेडकॅट अपयशी ठरतो. पण ग्रेपला रिकामा किंवा तुटका प्रवाह मिळतो आणि तशा प्रवाहात शोधणं हे काही अपयश नव्हे. जे त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, त्याबद्दल तो प्रामाणिकपणे 1 म्हणतो. असे सगळे पर्याय ‘बंद’.

जाणकार रिव्ह्यूअर इथे सुचवतो: ‘पाइपफेल’ चालू करा, म्हणजे पाइपमधली कुठलीही आज्ञा पडली तरी कळेल. सूचना योग्य वाटते आणि तिच्यामुळे स्क्रिप्ट आधीपेक्षा विचित्र वागू लागते. ग्रेपला ‘क्यू’ म्हणजे ‘गप्प राहा’ असं सांगितलेलं असतं, त्यामुळे पहिली जुळणी मिळताच तो काम संपवून निघून जातो. मागे झेडकॅट अजून ओततच असतो. पुढचं टोक बंद झालेल्या पाइपमध्ये लिहायला गेलं की लिनक्स त्याला सिगपाइप हा सिग्नल देतो आणि तो मरतो. त्याचा आकडा 128 अधिक 13, म्हणजे 141. पाइपफेलला हे अपयश दिसतं. परिणाम असा, की पर्याय सापडला म्हणूनच उत्तर ‘नाही’ येतं!

आणि तेही दरवेळी नाही. लिनक्समध्ये पाइपची साठवण सहसा 65,536 बाइटची असते आणि वितरणाची कॉन्फिग फाइल उलगडल्यावर अडीच-तीन लाख बाइटची होते. शोधलेला पर्याय फाइलच्या शेवटी असेल, तर उरलेला मजकूर पाइपमध्ये मावतो, झेडकॅट सुखरूप सुटतो आणि उत्तर बरोबर येतं. पर्याय वरच्या भागात असेल तर उत्तर चुकतं. म्हणजे एकच स्क्रिप्ट, एकच फाइल, आणि ओळ कितव्या जागी आहे यावर उत्तर ठरतं. हा दोष चाचणीत सापडायला कठीण, कारण चाचणीसाठी कोणीही पाच-दहा ओळींची नमुना फाइल बनवतो आणि ती पाइपमध्ये केव्हाच मावते.

‘मग क्यू काढून उत्तर डेव्ह-नलकडे, म्हणजे कचऱ्यात, वळवा’ या उपायावरही विसंबता येत नाही. ग्नू ग्रेपच्या काही आवृत्त्या आपलं उत्तर डेव्ह-नलकडे जातंय हे ओळखतात आणि तेव्हाही पहिल्या जुळणीवर थांबतात. वेगासाठी केलेली ही हुशारी आहे. जीझिपबरोबर येणाऱ्या ‘झेडग्रेप’च्या लेखकांना हा तिढा माहीत होता, त्यांनी जीझिपचा आकडा वेगळा तपासून सिगपाइपला माफी दिली आहे. म्हणून झेडग्रेप उपलब्ध असेल तर तोच वापरावा, घरचं फंक्शन लिहू नये. त्याहून सरळ म्हणजे फाइल एकदाच उलगडून तात्पुरत्या जागी ठेवावी, उलगडणं यशस्वी झालं का ते तिथेच तपासावं आणि पुढचे सगळे प्रश्न त्या साध्या फाइलला विचारावेत. एका स्क्रिप्टमध्ये पन्नास प्रश्न असतील, तर एकच फाइल पन्नास वेळा उलगडण्याचा खटाटोपही वाचतो.

प्रश्न कसा विचारला हे झालं. कोणाला विचारला, हे त्याइतकंच महत्त्वाचं. ‘प्रॉक’मधली फाइल नसेल तर स्क्रिप्ट ‘बूट’ फोल्डरात जाते आणि ‘कॉन्फिग’ला ‘यूनेम -आर’चं उत्तर, म्हणजे चालू कर्नलची आवृत्ती, जोडून नाव बनवते. डेबियन आणि उबुंटूवर फाइल तिथेच असते. पण कंटेनरच्या आत यूनेम यजमान मशीनच्या कर्नलची आवृत्ती सांगतो, तर ‘बूट’ फोल्डर कंटेनरचं स्वतःचं असतं, बहुधा रिकामं. काही स्क्रिप्ट मग ‘बूट’मध्ये जी कुठली कॉन्फिग फाइल सापडेल ती उचलतात. हे मी रिव्ह्यूमध्ये कधीच मान्य करणार नाही. अपडेट आलं आहे, नवा कर्नल बसवला आहे, पण मशीन अजून रीबूट झालेलं नाही, अशा अवस्थेत ती फाइल भविष्यातल्या कर्नलबद्दल बोलत असते.

काहीच नसेल तर ‘एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग’ ही कर्नलमधलीच दुसरी स्क्रिप्ट कामी येते. ‘आयकेकॉन्फिग’ गाभ्यातच घेतलेला असेल, तर कॉन्फिग फाइल कर्नलच्या इमेजमध्येच दडवलेली असते. तिच्या आधी ‘आयकेसीएफजी_एसटी’ आणि नंतर ‘आयकेसीएफजी_ईडी’ अशा खुणा असतात. ही स्क्रिप्ट ती खूण शोधून आतला ऐवज बाहेर काढते. सापडलं नाही तर तसं बोलून दाखवते, ‘बंद’ म्हणत नाही.

फाइल बरोबर, प्रश्न बरोबर, तरी उत्तर चुकू शकतं. कारण नावं बदलतात. मेल्टडाउनची माहिती जानेवारी 2018 मध्ये जाहीर झाली तेव्हा तिच्यावरच्या उपायाचा पर्याय ‘पेज_टेबल_आयसोलेशन’ या नावाने आला. 2024 मधल्या 6.9 आवृत्तीत त्याच्या आधी ‘मिटिगेशन’ हा शब्द लागला. स्पेक्टर या दुसऱ्या त्रुटीवरचा ‘रेटपोलिन’ही तसाच ‘मिटिगेशन_रेटपोलिन’ झाला. जुन्या नावाने विचारणारी स्क्रिप्ट नव्या कर्नलवर ‘संरक्षण नाही’ असा लाल शेरा मारते. कधी नाव पूर्णच जातं. ‘मेमसीजी_स्वॅप’ 6.1 मध्ये काढून टाकला गेला, कारण मेमरी सी-ग्रुप आणि स्वॅप दोन्ही असतील तर ती सोय आता आपोआपच येते. तिथे ओळ नसणं म्हणजे उणीव नव्हे. म्हणून पर्यायांच्या यादीसोबत ‘या आवृत्तीपासून या आवृत्तीपर्यंत’ अशी मर्यादा हवी. आणि ही आवृत्ती कुठून घ्यायची? अनेक स्क्रिप्ट ती यूनेमकडून घेतात. वापरणाऱ्याने दुसऱ्या मशीनची कॉन्फिग फाइल तपासायला दिली असेल तर हे साफ चूक; आवृत्ती फाइलच्याच डोक्यावरच्या टिप्पणीत लिहिलेली असते, तिथून घ्यावी.

याहून मोठी मर्यादा कितीही चांगल्या स्क्रिप्टला ओलांडता येत नाही. सातबाऱ्यावर ऊस लिहिलेला असतो आणि शेतात सोयाबीन डोलत असतं, तसं कॉन्फिग फाइलचं आहे. ती बिल्डच्या वेळची नोंद आहे. पेज टेबल आयसोलेशन ‘वाय’ असूनही कर्नल ‘नोपीटीआय’ किंवा ‘मिटिगेशन्स=ऑफ’ सांगून सुरू केला असेल, तर संरक्षण चालू नाही. उलट प्रोसेसरलाच मेल्टडाउनची बाधा नसेल, तर बिल्डमध्ये काही का असेना. आत्ता काय चाललंय हे ‘सिस’ फोल्डरातल्या ‘व्हल्नरेबिलिटीज’खालची ‘मेल्टडाउन’ ही फाइल सांगते: ‘नॉट अफेक्टेड’, ‘व्हल्नरेबल’ किंवा ‘मिटिगेशन’ आणि उपायाचं नाव. सुरक्षा-अहवालात कॉन्फिग स्क्रिप्टचं उत्तर घालायचं असेल, तर रकान्याचं शीर्षक ‘बिल्डमध्ये समाविष्ट’ असावं, ‘सुरक्षित’ नव्हे.

जगभर सर्वाधिक चालवल्या गेलेल्या अशा स्क्रिप्टपैकी एक डॉकरच्या मोबी प्रकल्पात आहे, ‘चेक-कॉन्फिग डॉट एसएच’. कुठलीच फाइल सापडली नाही तर ती तसं सांगून थांबते आणि फाइल हाताने देण्याचा मार्ग सुचवते. इथे तिला पूर्ण गुण. ‘चालू’ आणि ‘मॉड्यूल म्हणून चालू’ हा भेदही ती दाखवते. मात्र ‘बंद’ आणि ‘ओळच नाही’ या दोन्हींना ‘मिसिंग’ हा एकच शब्द आहे. कंटेनर चालणार की नाही एवढंच विचारायचं असल्याने हे चालून जातं. तिच्यातल्या एका नमुन्यात चौकटी कंसात ‘वाय’, उभी रेघ आणि ‘एम’ असं लिहिलेलं मला दिसलं. चौकटी कंसात उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’ असा राहत नाही. ती स्वतःच एक अक्षर म्हणून मोजली जाते. ‘=’नंतर उभी रेघ असलेली ओळ कॉन्फिग फाइलमध्ये येत नाही, म्हणून नुकसान शून्य. तरी मी रिव्ह्यूत ते लिहीन, कारण हीच ओळ कोणीतरी उचलून दुसरीकडे चिकटवणार आहे.

आणि एक सरळ नकार. कॉन्फिग फाइलची रचना शेलच्या व्हेरिएबलसारखी दिसते, म्हणून काही जण ती ‘सोर्स’ करून थेट आत ओढतात. एकाच ओळीत सगळ्या किमती हाताशी येतात, मोह समजू शकतो. पण सोर्स करणं म्हणजे ती फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवणं. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात कोणी डॉलर आणि कंस घालून आज्ञा पेरली असेल, तर तीही चालेल. दुसऱ्याने पाठवलेली फाइल तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे अजिबात नको.

तिसरं उत्तर देणं अवघड नाही, हे लिनक्स टेस्ट प्रोजेक्टने दाखवलं आहे. चाचणीला लागणारा पर्याय कर्नलमध्ये नसेल तर ती ‘नापास’ होत नाही. तिचा निकाल ‘टीकॉन्फ’ लागतो आणि आकडा 32 परत येतो. नापास असेल तर 1, आणि चाचणीच मोडली असेल तर 2. वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला या तिन्हींत गल्लत करायला जागाच उरत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला अशी वीस ओळींची स्क्रिप्ट रिव्ह्यूला आली, तर कोड वाचण्याआधी ती पाच वेळा चालवा: नसलेल्या फाइलवर, रिकाम्या फाइलवर, अर्धवट कापलेल्या जीझेड फाइलवर, वितरणाच्या खऱ्याखुऱ्या पूर्ण फाइलवर, आणि शेवटी कधीच अस्तित्वात नसलेल्या पर्यायाचं नाव देऊन. पहिल्या तीन वेळा तिने ‘बंद’ म्हटलं, तर मंजुरी देऊ नका.